चांदबीबीचा महाल कोणाचा?

दिवाळीची सुट्टी सरली, पहिल्या सत्राचे निकाल लागले, की शाळांना सहलींचे वेध लागतात. एस.टी.च्या गाड्या ठरतात, पालकांची संमतिपत्रे गोळा होतात आणि घराघरात दशम्या, शेंगदाण्याची चटणी यांचे डबे भरले जातात. मराठवाड्यातून, सोलापूरकडून निघालेल्या कितीतरी सहली आमच्या नगरवरून जातात. त्यांचे शिर्डी होते, शिंगणापूर होते, पुढे वेरूळ-अजिंठा होते. नगरला गाडी थांबते ती चहापुरती. मुले खाली उतरतात, हातपाय मोकळे करतात, पाण्याच्या बाटल्या भरतात आणि पुन्हा गाडीत चढतात. आपण साडेपाचशे वर्षांच्या एका राजधानीत उभे होतो, हे त्यांना कुणी सांगत नाही.

साडेपाचशे हा आकडा थोडा सैल झाला. नेमके सांगायचे तर मलिक अहमद निजामशहाने १४९० मध्ये बहामनी फौजेचा पराभव केला आणि त्याच जागेवर, सीना नदीच्या काठी, भिंगारच्या शेजारी १४९४ मध्ये शहर वसवायला घेतले. त्याच्या नावावरून ते अहमदनगर झाले. २०२४ पासून सरकारी कागदांवर ते अहिल्यानगर आहे. लोकांच्या तोंडी ते आधीही नुसते ‘नगर’ होते आणि आजही ‘नगर’च आहे. ‘नगरला चाललोय’ म्हणणाऱ्याला कोणते नगर, असे महाराष्ट्रात कुणी विचारत नाही.

काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या सहलीबरोबर मी एक दिवस या शहरातून हिंडलो. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. बी.ए. पदरात पडल्यावर कवितेच्या नादी लागलेला माणूस. पण शहराची आवड आहे, एवढ्या भांडवलावर शिक्षकांनी मला सोबत घेतले. नववीची मुले-मुली होती. निघण्यापूर्वी मी त्यांना दोनच प्रश्न वहीत लिहून घ्यायला लावले. पहिला, ‘हे कशावरून?’ आणि दुसरा, ‘हे कुणाच्या हातांनी?’ जिथे जाऊ तिथे हे दोन प्रश्न विचारायचे, एवढीच अट. त्या दिवसाच्या आधाराने आज आपल्याशी बोलणार आहे.

आम्ही सुरुवात केली बागरोजापासून. शहर वसवणारा अहमद निजामशहा इथे चिरनिद्रा घेतो. काळ्या दगडाची, घुमटाची, अंगानं आटोपशीर पण नक्षीत श्रीमंत अशी ही कबर. आत गेलेल्या मुलांचे आवाज आपोआप खाली आले. मी त्यांना अहमदच्या वडिलांची गोष्ट सांगितली. मलिक हसन हे त्यांचे नाव. फरिश्ता नावाचा इतिहासकार, जो स्वतः याच शहरात वाढला, तो लिहितो की हा मलिक हसन मूळचा पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्ण्याच्या घरातला. लहानपणी बहामनी सैन्याच्या हाती लागला, मुसलमान झाला आणि पुढे राज्याचा मोठा कारभारी झाला. त्याच्या नातवाने, बुऱ्हाण निजामशहाने, पाथरी जिंकून घेतली त्यामागे हे जुने नाते होते, असेही फरिश्त्याचे म्हणणे. एका मुलीने लगेच वही काढून विचारले, “हे कशावरून?” मला बरे वाटले. मी म्हणालो, “फरिश्त्याच्या ग्रंथावरून. तो या घटनांनंतर शंभरेक वर्षांनी लिहीत होता, हेही सोबत लिही.”

तिथून दमडी मशीद. किल्ल्याच्या पूर्वेला असलेली ही लहानशी वास्तू १५६७ च्या सुमाराची आहे. सहीरखान नावाच्या सरदाराने ती उभारली. लोक मात्र वेगळे सांगतात. किल्ल्याचे दगडी काम चालू असताना मजुरांनी आपल्या रोजच्या मजुरीतून एकेक दमडी बाजूला टाकली आणि त्या दमड्यांतून ही मशीद उभी राहिली, म्हणून ती दमडी मशीद. कागद सहीरखानाचे नाव घेतो, लोककथा मजुरांचे. यातले खरे कोणते, असे मुलांनी विचारले. कागदाला मान द्यायचाच. पण लोकांनी मजुरांची गोष्ट इतकी शतके का जपली, याचाही विचार करायचा. पाथरवटाच्या छिन्नीचे इतके नाजूक काम पाहिल्यावर, ज्याचे नाव कुठेच कोरलेले नाही त्या कारागिराला श्रेय द्यावे असे लोकांना वाटले असणार. आमचा दुसरा प्रश्न, ‘कुणाच्या हातांनी?’, आमच्याही आधी लोकांनीच विचारून ठेवला होता. मुले मग मिनारांकडे पाहायची सोडून दगडांच्या सांध्यांवरून बोटे फिरवू लागली.

नगरचा भुईकोट किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. सहल न्यायची तर आधी चौकशी करावी, परवानगी आणि ओळखपत्रांची तयारी ठेवावी. पण त्या खटपटीचे सार्थक होते. पहिल्यांदा हा मातीचा कोट होता. हुसेन निजामशहाने सोळाव्या शतकाच्या मध्याला तो दगडात बांधून काढला. भोवती रुंद खंदक. विजापूरच्या बुरुजावर आज जी मलिक-ए-मैदान तोफ दिमाखात बसली आहे, ती १५४९ मध्ये ओतली गेली आमच्या नगरात. रूमीखान नावाच्या तुर्की उस्तादाने ती ओतली.

याच तटावर चांदबीबी लढली. ती हुसेन निजामशहाची मुलगी, विजापूरच्या अली आदिलशहाची राणी. नवऱ्यामागे तिने विजापूरचा कारभार पाहिला आणि मग माहेरी आली. १५९५ च्या अखेरीस अकबराचा मुलगा मुराद नगरवर चालून आला. मोगलांनी सुरुंग लावून तटाला खिंडार पाडले. तेव्हा ही बाई चेहऱ्यावर नकाब, अंगात चिलखत आणि हातात तलवार घेऊन खिंडारात उभी राहिली आणि रातोरात तट बांधून घेतला. तोफगोळे संपले तेव्हा तिने तांब्याची, चांदीची आणि शेवटी सोन्याची नाणी तोफेत भरली, असेही सांगतात. नाण्यांची गोष्ट कथा म्हणून लिहायची, खिंडाराची इतिहास म्हणून. १५९६ मध्ये वऱ्हाड देऊन तह झाला आणि नगर वाचले. चार वर्षांनी मोगल पुन्हा आले. आता लढण्याचे बळ नाही, बोलणी करावीत, असे तिचे मत पडले. तिच्याच लोकांनी तिला फितूर ठरवले आणि जमावाने तिच्या महालात शिरून तिला मारले. पाठोपाठ, ऑगस्ट १६०० मध्ये किल्ला पडला. सगळी मुले गप्प झाली होती. “शत्रूनं नाही मारलं?” एवढेच एकीने विचारले.

किल्ल्यातली दुसरी जागा पार वेगळ्या काळातली. ‘छोडो भारत’च्या ठरावानंतर ९ ऑगस्ट १९४२ ला काँग्रेसच्या कार्यकारिणीचे नेते मुंबईत पकडले गेले आणि नगरच्या या किल्ल्यात आणून ठेवले गेले. जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, गोविंद वल्लभ पंत, आपले शंकरराव देव असे बारा जण. नेहरूंनी १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथेच लिहून काढले. पुस्तकाच्या सुरुवातीलाच ते इथल्या बागकामाविषयी सांगतात. जमीन दगडगोट्यांची, जुन्या बांधकामाच्या राबिटाने भरलेली. खणताना जुन्या भिंती लागत, जमिनीत गाडलेल्या इमारतींचे माथे लागत. भिंतीवर कोरलेले एक कमळही त्यांना सापडले. खोल खणायला मात्र तुरुंगाच्या अधिकाऱ्यांची परवानगी नव्हती. भारताचा शोध घेणाऱ्या माणसाच्या कुदळीला नगरच्या मातीत असे काही लागत होते, हे त्या पुस्तकाचे नाव पाठ करणाऱ्या प्रत्येक मुलाला कळले पाहिजे.

आणि मौलाना आझाद. त्यांनी इथे ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रे लिहिली. पोस्टात कधीच न पडलेली पत्रे. चहा, चिमण्या, फुलझाडे, इतिहास, सगळे त्यांत आहे. एप्रिल १९४३ मध्ये त्यांच्या पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या. दुखणे वाढल्याचे त्यांना कळले होते. पण सरकारकडे सवलत मागायची नाही, असे त्यांनी ठरवले होते. त्या दिवसांच्या पत्रात ते आवारातल्या एका जुन्या कबरीविषयी लिहितात. कुणाची ते ठाऊक नाही. शेकडो वेळा नजर गेली होती, पण आता तिच्याविषयी वेगळाच जिव्हाळा वाटू लागला. किल्ल्यात ज्याचे नाव कुणाला ठाऊक नाही अशा एका माणसाच्या कबरीपाशी देशाच्या एका मोठ्या नेत्याने आपले दुःख हलके केले. तिथे पाटी असती, तर ती कबर एखाद्याची झाली असती. पाटी नव्हती, म्हणून ती सगळ्यांची होऊ शकली.

जेवणाच्या सुट्टीत एक मुलगा माझ्याजवळ सरकून बसला. माझे नाव त्याला माहीत होते आणि त्याचे आडनाव मलाही. हळूच म्हणाला, “चाचा, यातले आपले कोण?” थोड्या अंतरावर बसलेल्या दुसऱ्या एका मुलाने ते ऐकले आणि म्हणाला, “म्हणजे बाकीचे आमचे?” दोघांच्या स्वरात भांडण नव्हते. पण मोठ्यांच्या बोलण्यातून पोरांच्या कानावर काय काय पडत असते, ते त्या दोन वाक्यांत होते. सगळी मुले आता माझ्याकडे पाहत होती.

मी त्यांना भातवडीची गोष्ट सांगितली. शहरापासून काही कोसांवर भातवडी किंवा भातोडी नावाचे गाव आहे. तिथला तलाव निजामशाहीचा वजीर सलाबतखान याने बांधवून घेतलेला. १६२४ मध्ये तिथे मोठी लढाई झाली. एका बाजूला मोगल आणि आदिलशहा यांच्या फौजा, म्हणजे दिल्लीचे मुसलमान आणि विजापूरचे मुसलमान. दुसऱ्या बाजूला निजामशाही वाचवायला उभा असलेला मलिक अंबर. हा आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी, कर्तबगारीने राज्याचा कारभारी झालेला. त्याच्या बाजूने लढत होते शहाजीराजे भोसले आणि त्यांचे धाकटे बंधू शरीफजी. समोरच्या मोगल फौजेत होते लखुजी जाधव, म्हणजे शहाजीराजांचे सासरे, जिजाऊंचे वडील. मलिक अंबरने तलावाचे पाणी सोडून शत्रूच्या छावणीत चिखल केला आणि रात्रीच्या छाप्यांनी त्याला जेरीस आणले. लढाई जिंकली, पण शरीफजी कामी आले. त्यांची समाधी भातवडीला आहे. आता शहाजी आणि शरीफजी ही नावे कुठून आली? मालोजीराजांना मूल होत नव्हते. त्यांनी नगरच्या शाह शरीफ या पिराला नवस बोलला आणि दोन मुलगे झाले तेव्हा पिराच्या नावावरून त्यांची नावे ठेवली, अशी परंपरा सांगते. शाह शरीफांचा दर्गा आजही नगरात आहे.

“आता तूच वाटणी कर,” मी त्या मुलाला म्हणालो. “यातले तुझे कोण, याचे कोण?” त्याने बोटांवर मोजायचा प्रयत्न केला आणि हसून सोडून दिला. दुसरा मुलगाही हसला.

मात्र एवढ्यावर थांबलो असतो तर ती अर्धीच गोष्ट झाली असती. सगळे कसे गुण्यागोविंदाने नांदत होते, असे सांगून मुलांना खूश करणे सोपे आहे. १५६५ च्या लढाईनंतर विजयनगरसारखे वैभवशाली शहर उद्ध्वस्त झाले, त्या विजयी फौजांत हुसेन निजामशहाही होता. १५८९ मध्ये याच नगरात दख्खनी आणि परदेशी मुसलमानांच्या वैरातून कत्तल झाली. फरिश्ता त्यातून वाचला आणि विजापूरला निघून गेला. हेही मुलांना सांगितले. आपल्या आजोबांचे चांगले सांगणारा आणि वाईट लपवणारा माणूस घरात शोभतो, इतिहासाच्या वर्गात शोभत नाही. हा नियम मी माझ्या माणसांना आधी लावतो, मग दुसऱ्यांच्या.

दुपारी फराहबाग पाहिली. मुर्तझा निजामशहाच्या काळातला, १५८३ मध्ये पुरा झालेला हा महाल एका विस्तीर्ण तलावाच्या मधोमध होता. आता तलाव कोरडा आहे आणि महाल भग्न. ताजमहालाची कल्पना शहाजहानला हा महाल पाहून सुचली, असे नगरकर अभिमानाने सांगतात. “कशावरून?” असे सगळ्या मुलांनी एका सुरात विचारले. आधार काही नाही, असे मी सांगितले. फराहबाग मोठी ठरायला ताजमहालाची शिफारस लागत नाही. पाण्याच्या मध्ये उभी असलेली ही वास्तू आणि तिच्यापर्यंत पाणी आणणारे लोक हाच मोठा विषय आहे. निजामशाहीत कापूरवाडीसारख्या भोवतालच्या गावांतून जमिनीखालच्या खापरी नळांनी शहरात, महालांत, बागांत पाणी आणले होते. शहरात आज पाण्यासाठी टँकर दिसला की मला त्या खापराच्या नळांची आठवण येते.

शेवटचा मुक्काम शहराच्या पूर्वेला दहा-बारा किलोमीटरवरच्या डोंगरावर. नगरच्या कोणत्याही बाजूने यावे, ही अष्टकोनी, तीन मजली वास्तू लांबून दिसते. सगळे तिला चांदबीबीचा महाल म्हणतात. रस्त्यावर विचारा, रिक्षावाल्याला विचारा, तेच सांगतील. प्रत्यक्षात तो महालही नाही आणि चांदबीबीचा तर नाहीच. ती सलाबतखानाची कबर आहे. भातवडीचा तलाव बांधवून घेणारा तोच हा वजीर. फरिश्ता सांगतो की लहरी मुर्तझाने त्याला कैदेचा हुकूम दिला तेव्हा फौज आणि रयत त्याच्या बाजूची होती. तरी त्याने बंड केले नाही, हुकूम पाळून स्वतः कैदेत गेला. १५८९ मध्ये तो वारला.

मुलांना हे चमत्कारिक वाटले. ज्याची कबर, त्याचे नाव नाही. जिचे नाव, तिचे इथे काही नाही. “मग लोकांना खरं सांगून नाव बदलायला नको का?” एका मुलाने विचारले. मी म्हणालो, पाटीवर सलाबतखान हवा आणि तो विसरता कामा नये. पण लोकांच्या तोंडचे नावही पुसू नये. आपल्याच लोकांनी मारलेल्या बाईचे नाव पुढच्या पिढ्यांनी शहरातल्या सर्वांत उंच वास्तूला दिले. हे मला चुकीपेक्षा प्रायश्चित्त वाटते.

इथे मला चांदबीबीच्या आईची, खुंजा हुमायूनची आठवण होते. हुसेन निजामशहाच्या मृत्यूनंतर मुलगा लहान म्हणून तिने काही वर्षे राज्य चालवले. पुढे त्याच मुलाने तिला कैदेत टाकले. हुसेनशहाच्या स्तुतीचे एक सचित्र फार्सी काव्य पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्यातल्या चित्रांत राजाच्या शेजारी राणी बसलेली होती. बहुतेक ठिकाणी तिची आकृती नंतर कुणीतरी पुसून टाकलेली आहे. राजा आहे, शेजारी राणीच्या जागी डाग आहे. पण डागही बोलतो. इथे कुणीतरी होते, हे तो सांगतोच. आईला चित्रातून पुसले आणि मुलीला लोकांनी डोंगरावर नेऊन बसवले. डोंगरावरच्या वाऱ्यात हे सांगताना बरोबरच्या शिक्षिका म्हणाल्या, “मुलींनो, नीट ऐका.”

मुलींसाठी आणखी एक जागा सांगायला हवी. अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरात १८३१ मध्ये सुरू झाले. मिस फॅरार यांनी इथे मुलींची शाळा चालवली. जोतीराव फुले ती शाळा पाहून पुण्याला परतले आणि १८४८ मध्ये त्यांनी मुलींची शाळा काढली. पुढे रेव्हरंड टिळक आणि ‘स्मृतिचित्रे’च्या लक्ष्मीबाई टिळक याच शहरात राहिल्या-वावरल्या. म्हणजे किल्ल्याइतकाच शाळेचाही वारसा या शहराला आहे.

आता थोडे मोठ्यांसाठी. शहराच्या नावावरून पुष्कळ बोलून झाले आहे. मला त्यात भर घालायची नाही. पण ज्यांचे नाव दिले त्या अहिल्यादेवींकडे नीट पाहावे, एवढे जरूर म्हणेन. १७२५ मध्ये याच जिल्ह्यात, चौंडी गावात त्यांचा जन्म झाला. त्यांनी काय केले? काशीपासून रामेश्वरापर्यंत देवळे, घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या आणि पडझड झालेल्या दुरुस्त केल्या. त्यातली बहुतेक ठिकाणे त्यांच्या राज्यात नव्हती. आपली हद्द कुठवर, हे न पाहता त्यांनी दुरुस्ती केली. त्यांचे नाव लावणाऱ्या शहरात फराहबागेच्या भिंती ढासळत असतील, जुन्या कबरींच्या भिंतींवर कोळशाने बदाम आणि बाण काढलेले असतील, तर ते नाव आपण अजून पुरते घेतलेले नाही. नाव बदलायला एक अधिसूचना पुरते. नाव कमवायला चुना लागतो, दगड लागतो, गवंडी लागतो आणि दरवर्षी थोडा पैसा लागतो.

माझी आई घरात दखनी बोलायची आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकले की मराठी. दोन भाषांच्या मध्ये तिला कधी ठेच लागली नाही. मी कविता मराठीत लिहितो, कारण शाळेत, बाजारात, एस.टी.त मला हीच भाषा भेटली. निजामशाहीच्या दरबारात फार्सी लिहिणारा फरिश्ता होता आणि त्याच घराण्याच्या आश्रयाने दलपतीने ‘नृसिंहप्रसाद’ हा धर्मशास्त्राचा संस्कृत ग्रंथ रचला. मोहरमची सवारी निघते तेव्हा खांदा देणाऱ्यांची आडनावे आजही कुणी विचारत नाही. हे शहर असे आहे, म्हणून मला त्याची आवड आहे.

शिक्षकांना एक विनंती आहे. शिर्डी-शिंगणापूरला जाताना नगरला चहाबरोबर एक दिवस द्या. पन्नास ठिकाणे दाखवू नका, पाच दाखवा. प्रत्येक ठिकाणी मुलांना दहा मिनिटे गप्प बसू द्या. भ्रमणध्वनीवर फोटो काढण्यापूर्वी दगडाला हात लावू द्या, मात्र नाव कोरू देऊ नका. माहीत नसलेले ठणकावून सांगू नका आणि माहीत असलेले कुणाला आवडेल की नाही म्हणून गाळू नका. वहीत दोन प्रश्न लिहून द्या. ‘कशावरून?’ हा प्रश्न मुलांना अफवेपासून वाचवील. ‘कुणाच्या हातांनी?’ हा प्रश्न त्यांना गर्वापासून वाचवील. पुढे आयुष्यात कुणी त्यांना इतिहासाच्या नावाने भडकवायला आले, तर ही दोन वाक्ये त्यांच्या उपयोगी पडतील.